मासळीच्या पेटीतली पोरं

मालिश करून उठली की पुरिंग दुपार कलेपर्यंत हाताला पाणी लागू देत नसे. तांदूळ नवरा धुवायचा, भांडी पोरगी घासायची, आणि ही बाई खोबरेल माखल्या हातांनीच जेवायला बसायची. कामानं तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की पास्मा होतो. शिरा आखडतात, बोटं लटलट कापायला लागतात, आणि तसे हात झालेल्या मालिशवालीला कुत्रंसुद्धा विचारत नाही. हे तिला आईनं सांगितलं होतं, आईला तिच्या आईनं. ताबुगोनच्या किनाऱ्यावर ते कुणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. इस्त्री करणाऱ्या बायका संध्याकाळी हात न धुता तशाच झोपायच्या, आणि जाळी ओढून आलेले गडी अंग निवल्याशिवाय विहिरीकडे फिरकायचे नाहीत.

तिच्या धंद्यात दुखण्याला नावही एकच होतं, गारवा. खांद्यात गारवा, पोटरीत गारवा, कमरेत गारवा. केळीच्या पानाची पट्टी तेलात बुडवून ती माणसाच्या अंगावरून ओढायची. पट्टी जिथं अडेल तिथं अंगठा रुतवला की आत गोटी लागायची. ती गोटी म्हणजे मांसात शिरून बसलेली थंडी. तिला शेकायचं, रगडायचं, घालवायचं. पंचवीस वर्षं पुरिंगनं एवढंच केलं होतं आणि अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं.

त्यामुळे शेजारची सेलिंग कुंपणापाशी येऊन जे बोलली ते आधी तिच्या डोक्यातच शिरेना. सेलिंग म्हणाली, तुझी हस्मिन शाळेच्या मैदानावर मासळीच्या पेटीत बसलीय. कमरेपर्यंत बर्फाच्या पाण्यात. पळून आल्या आल्या, घाम टिपायच्या आधी.

"आणि पेटीत बर्फ कोण ओततंय विचार," सेलिंग म्हणाली.

"कोण?"

"तुझाच नवरा."

त्या दिवसांत तारली पकडायला बंदी होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढं तीन महिने होड्या वाळूवर पालथ्या पडायच्या आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या नुसत्या रचून राहायच्या. पुरिंगचा नवरा तेर्यो तिथं लाद्या ओढायच्या कामाला होता. आठवड्यातले तीनच दिवस त्याला बोलावणं यायचं. बंदरावरची फुटकी फायबरची पेटी मालकानं शाळेला देऊन टाकली होती आणि रोज एक लादी पण देऊ केली होती. ती लादी हातगाडीवर घालून शाळेत पोचवायचं काम तेर्योकडं होतं. गडी पंधरा दिवस हे करत होता आणि घरी येऊन शेवग्याच्या पानांचा रस्सा भुरकत गप्प बसत होता.

पुरिंग तशीच निघाली. सकाळी दोन पाठी रगडून झाल्या होत्या, हात अजून गरम होते, म्हणून ते तिनं फडक्यात गुंडाळून पोटाशी धरले होते. मैदानावर पोचली तर सेलिंगनं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. पेटीला अजून बांगड्याचा वास येत होता. आत हस्मिन आणि रिकोची पोरगी डेल्मा समोरासमोर गुडघे वर करून बसल्या होत्या. भोवती बर्फाचे तुकडे तरंगत होते. डेल्माचे ओठ जांभळे पडले होते. बेर्मुदो सर शिट्टी गळ्यात अडकवून घड्याळ बघत उभे होते.

बेर्मुदो सर जूनमध्ये शहरातून आलेले. माणूस कष्टाळू होता, खोटं कशाला बोला. पहाटे पाचला मैदानावर हजर असायचे, चुन्याच्या रेषा स्वतः आखायचे. खेळाडूंच्या शिबिरात ते शिकून आले होते की थकलेल्या पायांना बर्फाचं पाणी दिलं की ठणका मरतो आणि दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा पळायला तयार होतं. त्यांच्या हाताखाली हस्मिन तीन हजार मीटरमध्ये सगळ्या तालुक्याच्या पुढं गेली होती. पुढच्या शनिवारी निवड होती. पहिल्या दोघी प्रांताच्या संघात जाणार होत्या, आणि प्रांताच्या संघातल्या पोरींना शहरातली खेळाची शाळा ठेवून घेते, जेवणाखाण्यासकट. हस्मिन पंधरा वर्षांची होती. ताबुगोनमध्ये राहिली असती तर पुढच्या वर्षी ती बोंबील वाळत घालायला बसली असती. हे पुरिंगला सरांपेक्षा जास्त कळत होतं.

पण तिनं वाकून पोरीचा दंड धरला आणि तिला बाहेर ओढली.

सर धावत आले. मानांग, म्हणाले, थोरल्या बाईला तिकडं अशीच हाक मारतात, सात मिनिटं झालीत, अजून तीन राहिलीत. पुरिंगनं विचारलं, आणि हिची किती राहिलीत? डेल्माकडं तिनं हनुवटीनं दाखवलं. सर म्हणाले, तिला वीस. ती शेवटची आली. शेवटचा येईल तो वीस मिनिटं बसेल, असा नियम आहे, म्हणजे उद्या शेवटी येणार नाही.

"औषध आहे म्हणता ना हे?" पुरिंग म्हणाली. "मग शिक्षा म्हणून औषध कोण देतं?"

सरांनी पोरांकडं बघितलं. पोरं बघत होती.

"मानांग, तुम्ही हातांचं शिक्षण कुठल्या कॉलेजात घेतलंत?"

मुलं हसली. हसू आवरेना म्हणून एक-दोघांनी तोंडं फिरवली. हस्मिन ओल्या चड्डीत, मान खाली घालून उभी होती. आईनं बाहेर ओढल्याचं दुःख तिला जास्त होतं की सरांच्या बोलण्याचं, ते तिलाच ठाऊक. सर पुढं म्हणाले की पेटीत बसणार नाही त्या मुलीला मी घेणार नाही, माझ्या संघाला एकच नियम. आणि त्यांनी खिशातली यादी काढून हस्मिनच्या नावावर सगळ्यांदेखत रेघ मारली.

मायलेकी घरी आल्या. दारात पाय ठेवल्यावर हस्मिन म्हणाली, "नानाय, पेटीतून उठलं की पाय हलके वाटतात. खरंच वाटतात."

"बधिर झालेला पाय हलकाच वाटणार."

"तू बसून बघितलंयस का कधी?"

पुरिंगनं पोरीला चुलीसाठी लाकडं आणायला पाठवलं.

तेर्यो आल्यावर त्याची पूजा झालीच. पंधरा दिवस बर्फ ओतलास आणि तोंडातून ब्र काढला नाहीस, असं ती तासभर बोलत होती. तेर्यो तोंडाचा खमका माणूस नव्हता. मालकानं सांगितलं ते केलं, म्हणाला. मग खांद्यावरची गोणपाटाची खूण चोळत म्हणाला की आम्ही बर्फात जन्म काढला, पुरिंग, आमचे काय हात झडले? तिनं त्याला हात पुढं करायला सांगितलं. थंडीनं फुटलेली, सालपटं निघालेली ती बोटं तिनं उलटीपालटी करून बघितली आणि सोडून दिली. ती बोटं कापत नव्हती. पण हे तिनं मान्य केलं नाही.

रविवारपासून हस्मिन एकटी पळायला लागली. मैदान बंद झालं तर समुद्र कुणी बंद केलाय, असं पुरिंगच म्हणाली. पहाटे ओहोटीच्या ओल्या वाळूवरून पोरगी अनवाणी धक्क्यापर्यंत जायची आणि परत यायची, पाच वेळा. पुरिंग पालथ्या होडीवर बसून फेऱ्या मोजायची. घरी आल्यावर अंग निवू द्यायचं, मग आलं आणि गवती चहा घालून उकळलेल्या पाण्यात फडकी पिळून पोटऱ्यांना शेक. पोरीला बरं वाटायचं. डोळे मिटून घ्यायची. पुरिंग मनात म्हणायची, बघा म्हणावं, कॉलेज नसताना.

सोमवारी धक्क्याजवळ दोराच्या वेटोळ्यात हस्मिनचा पाय अडकला आणि घोटा मुरगळला.

लंगडत आली तेव्हा घोटा जरासा फुगला होता. पुरिंग घाबरली नाही. असे शंभर घोटे तिनं बसवले होते. तिनं केळीची पट्टी फिरवली, पट्टी घोट्यावर अडली. मग तिनं तेल गरम केलं आणि पोरगी ओठ चावत होती तरी घोटा रगडला. मीठ भाजून पुरचुंडी केली आणि शेकलं. संध्याकाळी पुन्हा शेकलं. गारवा जिद्दी आहे, म्हणाली. पाणी लावू नकोस, म्हणाली.

मंगळवारी सकाळी घोटा पपईएवढा झाला होता. वरची कातडी ताणून चकाकत होती आणि पाय टेकवत नव्हता.

पुरिंगनं तो पाय मांडीवर घेतला. तिच्याकडं असे घोटे यायचे ते दोन-तीन दिवसांनी, माणूस समुद्रावरून परत आल्यावर. मुरगळल्या मुरगळल्या तिच्या पुढ्यात आलेला हा पहिलाच. आणि तो पोटच्या पोरीचा.

तेर्यो उठून बाहेर गेला. अर्ध्या तासानं परत आला तेव्हा गोणपाटात भुशात गुंडाळलेला बर्फ होता. तो चुलीजवळ बसला आणि दगडानं बर्फ फोडायला लागला. कारखान्यात गेल्या साली लादी निसटून माझ्या पायावर पडली होती, म्हणाला, आठवतं ना? फोरमननं तिथल्या तिथं पाय बर्फात धरून ठेवला. दोन दिवसांनी तुझ्याकडं आलो, तू शेकलंस. चार दिवसांत मी कामावर. तुला मी बर्फाचं सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

बाहेर गावातली सोनिया मालिशला येऊन बसली होती, तेर्यो बर्फ आणेपर्यंत पुरिंगनं तिची अर्धी पाठ रगडली होती. हात तापलेले होते. तेर्योनं बर्फाचं फडकं बांधलं आणि पोरीच्या पायाशी बसायला लागला, तर पुरिंगनं त्याच्या हातातून ते काढून घेतलं. तेर्यो म्हणाला, अगं, तुझे हात. ती म्हणाली, शेकलं मी, आता धरणारही मीच. दहा मिनिटं फडकं घोट्याला दाबून धरायचं, काढायचं, पाय उशीवर ठेवायचा, तासाभरानं पुन्हा. दुपारपर्यंत असं चाललं. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. सोनिया दारातून बघून गेली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पुरिंगनं तापल्या हातांनी बर्फ धरला, आता बाईचे हात गेले.

बुधवारी सूज उतरली. गुरुवारी पुरिंगनं पहिल्यांदा कोमट फडकं लावलं आणि हलक्या अंगठ्यानं घोट्याच्या वरची नस मोकळी केली. शुक्रवारी हस्मिन वाळूवर चालली, मग सावकाश पळाली. पळताना पाय वाकडा पडत नाही हे पुरिंगनं चारचारदा बघून घेतलं.

"उद्या जायचं," ती म्हणाली.

"नाव कुठं आहे माझं?"

"नाव मी बघते."

शनिवारी मैदानावर सात शाळांची पोरं आली होती. आईबाप, आइस्क्रीमवाला, बर्फाच्या कारखान्याचा मालक खुर्चीवर. पेटी झाडाखाली होती, काठोकाठ भरलेली, शर्यती संपल्यावर पोरांना घालायला. पुरिंग सकाळी दोन गडी रगडून आली होती, कारण शनिवार असला तरी पाठी दुखायच्या थांबत नाहीत. घोट्याला कापडाची पट्टी बांधलेली हस्मिन तिच्या मागं होती.

सरांनी घोटा बघितला, विचारलं. पुरिंग सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. सोमवारी मुरगळला, म्हणाली, आणि मी शेकला. चूक केली. पाय पपईसारखा झाला. मग बर्फ लावला, माझ्या हातांनी, तेव्हा उतरला. ताज्या मारावर शेक देऊ नये हे मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं, ते आता कळलं.

जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. सरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग झालं तर, म्हणाले, पेटीत बसायला आता हरकत नाही ना.

"दहा मिनिटं बसेल. थकल्यावर बसेल, औषध म्हणून. शिक्षा म्हणून कुणी बसणार नाही, ना माझी, ना रिकोची."

सरांचं हसू गेलं. संघ माझा आहे, नियम माझा, म्हणाले. नाव कापलंय ते कापलंय. वीस मिनिटांनी कुणी मरत नाही.

"तुम्ही बसलात का कधी? वीस मिनिटं?"

 मागं पोरांच्यात कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि आज ते पुरिंगला हसलेलं नव्हतं. कारखान्याचा मालक खुर्चीत पुढं सरकला.

पुरिंगनं हातावरचं फडकं सोडलं. हात तेलानं चमकत होते. "हे आत्ता तापलेले आहेत," ती म्हणाली. "आमच्यात असे हात गार पाण्यात घालत नाहीत. घातले तर पास्मा होतो, हात जातात. तुम्ही म्हणता की तसं काही होत नाही. तर तुम्ही पेटीत बसा, मी हात घालते. तुम्ही आधी उठलात तर हस्मिन पळेल आणि वीस मिनिटांचा नियम जाईल. मी आधी काढले तर पोरीला घेऊन घरी जाते, पुन्हा तोंड दाखवणार नाही."

तेर्यो मधे आला. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर बोलला, नको पुरिंग, म्हणाला, हातावर पोट आहे आपलं. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. हस्मिननं तिची बाही धरली होती, ती तिनं हळूच सोडवली.

सरांना आता मागं फिरायला जागा नव्हती. त्यांनी बूट काढले, मोजे आत नीट खोचले आणि पेटीत बसले. बसताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला. पुरिंग बाहेर गुडघ्यांवर बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातले. घड्याळ डेल्माकडं आलं. कुणी दिलं ते कुणाला नंतर आठवलं नाही, पण डेल्मानं ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

पहिली दोन मिनिटं सर बोलत होते, श्वास लांब घ्यायचा, शरीर सरावतं, असं पोरांना समजावत होते. मग गप्प झाले. पुरिंगच्या बोटांना आधी सुया टोचल्या, मग हाडं आतून कुणी पिळतंय असं झालं. सोमवारी घातलेला तो शेक तिला आठवत होता, पोरीनं चावलेले ओठ आठवत होते. तू चाव आता, तिनं स्वतःला सांगितलं. सात मिनिटांवर बोटं आहेत की नाहीत ते कळेना. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. हात गेले तर काय, हा विचार पाण्यासारखा वर चढत होता, आणि ती सरांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"दहा," डेल्मा म्हणाली.

"दहा मिनिटं पुरतात, मानांग," सर दातांवर दात वाजवत हळूच म्हणाले. "शिबिरात दहाच सांगितली होती."

"मग वीस कुणी केली?"

 सरांची हनुवटी हलत होती. तेराव्या मिनिटाला त्यांनी पेटीच्या काठाला धरलं आणि उभे राहिले. पँटमधून पाणी गळत होतं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, बिचारा, अंग पुसायला द्या त्याला काहीतरी.

पुरिंगनं हात बाहेर काढले तेव्हा ते उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले होते आणि तिचे वाटत नव्हते. तेर्योनं ते आपल्या शर्टाखाली, पोटाशी धरले आणि सोडले नाहीत. सरांनी यादी मागवली. ओल्या बोटांत पेन ठरेना, अक्षर वाकडंतिकडं गेलं, पण त्यांनी हस्मिनचं नाव पुन्हा लिहिलं. खोटं कशाला बोला, शब्दाला तो माणूस जागला.

पंधरा फेऱ्या होत्या. पहिल्या पाच फेऱ्या हस्मिन मागंच होती, सातवी-आठवी. घोटा सांभाळून पळत होती हे पुरिंगला दिसत होतं. आठव्या फेरीला ती सांभाळायची थांबली. दहाव्या फेरीला चौथी झाली. तेर्यो ओरडत होता, सर ओल्या पँटीत रेषेच्या कडेनं तिच्याबरोबर धावत वेळ सांगत होते. शेवटच्या फेरीला पुढं दोघी होत्या. त्यातली एक उंच, डोंगराकडच्या शाळेची, ती काही हाताला लागली नाही. दुसरीला हस्मिननं वळणावर गाठलं आणि रेषेवर अर्ध्या हातानं मागं टाकलं. दुसरी आली. दुसरी पुरत होती.

पळून आल्यावर ती स्वतःच पेटीकडं गेली. आत उतरून आईकडं बघून म्हणाली, "दहा, नानाय. मोज." पुरिंगनं मोजली. डेल्मा पण उतरली, तिलाही दहाच.

पुढच्या गुरुवारी हस्मिन ट्रकमध्ये बसून प्रांताच्या गावाला गेली. पुरिंगनं तिला वाळल्या मासळीची पुडी आणि आल्याच्या पाण्यात पिळायची फडकी दिली, आणि ताज्या माराला आधी बर्फ, दोन दिवसांनी शेक, हे तीनदा बजावलं. ट्रक गेला.

ती घरी आली तर ओसरीवर म्हातारा इन्यो येऊन बसला होता. होडी वर ओढताना कमर धरली होती. पुरिंगनं चटई घातली, तेल कोमट केलं, केळीची पट्टी सोलली. पट्टी उचलली तेव्हा तिच्या बोटांत ती हलत होती. पेटीपासून हे असंच होतं, सकाळी जास्त. बर्फानं होतं, की वयानं, की गावानं रोज विचारून विचारून झालं होतं, ते कळायला मार्ग नव्हता. इन्यो शर्ट अर्धा काढून तसाच थांबला आणि त्या हातांकडं बघत राहिला.

"पुरिंग, हात कापतायत गं तुझे."

"कापतायत," ती म्हणाली. "म्हणून दर कमी होणार नाही. पालथा हो."